मुंबईहून यायचा पार्ट

सावनेरचं नाव निघालं की मराठी वाचणाऱ्या माणसाला राम गणेश गडकरी आठवतात. २३ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी आमच्या गावात शेवटचा श्वास घेतला. मीही चार कविता लिहितो, त्यामुळे मला बोलायला बोलावलं की मंडळी गडकऱ्यांवर काहीतरी ऐकायच्या तयारीनं बसतात. आज त्यांची निराशा होणार आहे. आज मी बोलणार आहे एका बिघडलेल्या यंत्राबद्दल. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता, तेवढाच काय तो माझा अधिकार.

माझ्या वडिलांचं, म्हणजे अब्बांचं, सावनेरच्या बाजारात लहानसं दुकान होतं. अर्ध्या भागात रेडिओ दुरुस्ती, अर्ध्या भागात मोटर वाइंडिंग. आमचा भाग संत्र्यांचा. विहिरीवरची मोटर जळली की बागवाला ती बैलगाडीत घालून आणायचा आणि तिथंच बसून राहायचा, कारण झाडं पाण्यावाचून थांबत नाहीत. अब्बांची शाळा चौथीपर्यंत झाली होती. पण तांब्याच्या तारेचा वेढा बोटांनी मोजावा तर त्यांनीच. व्हॉल्व्हच्या रेडिओवर त्यांचा हात बसला होता, आणि ट्रान्झिस्टर आले तेव्हा त्यांनी ते जरा नाइलाजानंच शिकून घेतले.

१९८३ च्या उन्हाळ्यात तालुक्यातल्या एका गावचे मालक दुकानात आले. घराणं जुन्या मालगुजारांचं. आमच्याकडची मालगुजारी १९५१ साली कायद्यानं गेली, पण लोक त्यांना मालकच म्हणत. त्यांच्या सालदारानं खांद्यावरून एक चीज उतरवली. लांब दांडा, दांड्याच्या टोकाला लंबगोल जाड तबकडी, खाकी कॅनव्हासची पिशवी आणि जाडजूड हेडफोन. कामठीच्या भंगारात घेतलं, म्हणाले. जमिनीतला धातू दाखवतं.

"मिस्त्री, हे चालू झालं पाहिजे."

मालकांच्या वाड्यात हंडा पुरलेला आहे, ही गोष्ट त्या गावच्या पोराटोरांनाही माहीत होती. विदर्भात असा वाडा सापडणं कठीण, ज्यात हंडा पुरलेला नाही. त्यामागे अगदीच काही नाही असंही नाही. बँका नव्हत्या त्या काळी सोनं-नाणं जमिनीतच राहायचं. पेंढाऱ्यांच्या धाडी, १८१७ ची सीताबर्डीची लढाई, १८५४ साली भोसल्यांचं राज्य खालसा होणं, अशा प्रत्येक धामधुमीत कुणी ना कुणी काहीतरी पुरून पळालं असणार, आणि त्यांतले सगळेच परत आले नसणार. १९३९ साली तऱ्हाळ्याला, आजच्या वाशीम जिल्ह्यात, सुमारे दीड हजार सातवाहन नाणी निघाली. महामहोपाध्याय मिराशींनी ती वाचली आणि काही राजांची नावं इतिहासाला पहिल्यांदाच कळली. बालाघाटकडच्या गुंगेरियाला तर १८७० साली गुरं राखणाऱ्या दोन पोरांना तांब्याची ४२४ हत्यारं आणि चांदीचे १०२ पत्रे सापडले. त्यांच्याजवळ कसलंही यंत्र नव्हतं.

कायदाही जुना आहे. १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्यानं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवणं बंधनकारक केलं. पण आमच्याकडे गुप्तधन शोधणारा कलेक्टरकडे जात नाही, तो मांत्रिकाकडे जातो. आणि मांत्रिकाला लागतो पायाळू. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला भुईतलं धन दिसतं, असा समज. या समजापायी काय काय घडलं ते वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला सांगायला नको. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोण्याविरुद्धचा कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या नावाखाली केलेली अघोरी कृत्यंही आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांना त्यासाठी जीव द्यावा लागला. १९८३ साली असं काही नव्हतं.

मी पायाळू आहे. दाईनं ही गोष्ट मोहल्लाभर सांगून ठेवली होती. तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो.

आता यंत्राकडे येतो, कारण त्याचा जन्म कळल्याशिवाय त्याचं दुखणं कळत नाही. १८७९ साली डेव्हिड ह्यूज या शास्त्रज्ञानं एक तराजू बनवला, विजेचा. तारेचं एक वेटोळं, त्यात बदलता प्रवाह. शेजारी दुसरं वेटोळं, असं बसवलेलं की पहिल्याचा परिणाम त्याच्यावर शून्य व्हावा. पारडी समान. जवळ धातू आला की तोल ढळतो आणि दुसऱ्या वेटोळ्यात आवाज उमटतो. बस्स, एवढंच. पुढं कितीही सुधारणा झाल्या तरी तराजूची ही कल्पना टिकून राहिली.

टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलनं दोन वर्षांतच हा तराजू एका माणसाचा जीव वाचवायला वापरून पाहिला. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी अंगात कुठं अडकली ते डॉक्टरांना सापडेना. बेल यंत्र घेऊन गेला. पहिल्या खेपेला नुसती घरघर. नंतर लक्षात आलं की घाईत कंडेन्सर चुकीचा जोडला गेला होता. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. बेलचंही कनेक्शन चुकतं! दुसऱ्या खेपेला मोठ्या भागात आवाज आला, आणि मग कळलं की गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय मुख्य डॉक्टरांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली, कारण गोळी उजवीकडेच असल्याचं ते आधीच जाहीर करून बसले होते. गोळी डावीकडे होती. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. यंत्रानं त्याचं काम केलं होतं, त्याला पाहू दिलं गेलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात हाच तराजू सैनिकाच्या हाती आला. त्याआधी सुरुंग कसे शोधत, याची एक हकिकत आपल्या खडकीशी जोडलेली आहे. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधले सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्र सिंग भगत फेब्रुवारी १९४१ मध्ये अ‍ॅबिसिनियात तुकडीच्या सर्वांत पुढच्या गाडीत होते. चार दिवस, ५५ मैल, पंधरा सुरुंगक्षेत्रं. दोनदा त्यांची गाडी सुरुंगावर उडाली, सोबतचे दगावले, कानाचा पडदा फाटला, तरी त्यांनी बदली घेतली नाही. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मी ज्या यंत्राबद्दल बोलतोय ते तेव्हा जन्मालाही यायचं होतं.

ते जन्मलं त्याच वर्षाच्या अखेरीस, स्कॉटलंडमध्ये. जर्मनांनी देश गिळल्यावर तिकडे पोचलेल्या पोलिश सैन्यातला युझेफ कोसात्स्की नावाचा अभियंता. त्यानं एकट्या माणसाला उचलता येईल असं, चौदा किलोंच्या आतलं, दांड्यावरचं यंत्र तयार केलं आणि पेटंट न घेता ब्रिटिश सैन्याला देऊन टाकलं. ऑक्टोबर १९४२ मध्ये अल-अलामीनच्या वाळवंटात अशी पाचशे यंत्रं गेली. समोर जर्मन-इटालियन सैन्यानं पेरलेले सुमारे पाच लाख सुरुंग. हातानं टोचत जाणारा माणूस तासाला शंभरेक मीटर वाट मोकळी करायचा, यंत्रानं ती दोनशे झाली. त्या लढाईत आपली चौथी भारतीय डिव्हिजनही होती. कोसात्स्कीचं नाव मात्र युद्ध संपेपर्यंत गुप्त ठेवलं गेलं, कारण त्याचे घरचे लोक जर्मनांच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये होते. त्याच वंशातलं एखादं यंत्र पुढं कधीतरी भंगारात निघून कामठीला पोचलं आणि तिथून आमच्या दुकानात. त्यावर नाव-नंबर काही उरलं नव्हतं.

अब्बांनी ते आठ दिवसांत चालू केलं. मला आठवतं, सबंध दुकानात राळेचा वास होता. गळालेले कंडेन्सर बदलले, रेडिओच्या बॅटरीतून दाब दिला, आणि एका संध्याकाळी माझ्या कानाला हेडफोन लावला. आधी बारीक शीळ. अब्बांनी दांड्यावरची दोन बटनं हळूहळू फिरवली, तशी शीळ विझत गेली. मग त्यांनी तबकडीखाली पक्कड सरकवली आणि माझ्या कानात एकदम कोणीतरी गायला लागलं. मी घाबरून हेडफोन काढला. अब्बा हसत होते.

मालक यंत्र घेऊन गेले. त्यांच्या वाड्यात ते जिथं ठेवावं तिथं वाजायला लागलं. यात नवल काहीच नव्हतं. आमच्या तालुक्याची जमीन अशा यंत्राची परीक्षा पाहणारी. एकीकडे काळ्या पाषाणाची काळी माती, तिच्यात मॅग्नेटाइटचे कण. दुसरीकडे खाप्याजवळ गुमगावची मँगेनीजची खाण. मधे कोळसा. ब्रिटिश भूशास्त्रज्ञ फर्मोर यानं १९०९ साली भारतातल्या मँगेनीजवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात आमच्या जिल्ह्याला भरपूर जागा आहे. इथल्या एका खडकाला त्यानं गोंड लोकांवरून 'गोंडाइट' हे नाव दिलं. तेव्हा आमच्या भुईत धातू आहे की नाही, हा प्रश्नच नाही. पारशिवनी तालुक्यात नयकुंडला डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अडीच हजार वर्षांहून जुनी लोखंड गाळायची भट्टी सापडली. माणसं इथं केव्हापासून लोखंड वापरतायत, मोडतायत आणि टाकतायत! जुन्या वाड्याच्या अंगणात यंत्र वाजणार नाही तर काय होईल?

मालकांनी चार खड्डे खणवले. निघालं काय, तर खिळे, फुटकी कढई, बैलाच्या खुराची नाल. चौथा खड्डा भिंतीलगत होता. भिंतीचा एक भाग आत बसला आणि सालदाराचा पाय त्यात सापडला. तो पुढं जन्मभर लंगडत चालला. मालकांनी त्याला काय दिलं ते मला ठाऊक नाही.

यंत्र पुन्हा दुकानात आलं. "खोटं बोलते हे, मिस्त्री. नीट करा." आणि जाता जाता, मी स्टुलावर बसून वायर सोलत होतो, माझ्याकडे पाहून मालक म्हणाले, "हे पोट्टं पायाळू आहे म्हणे तुमचं?"

अब्बा म्हणाले, "यंत्र दुरुस्त झालं मालक, तर पोराचं काय काम? थोडा वेळ द्या."

हे वाक्य मी ऐकलं, पण समजलो नाही. मला एवढंच आठवतं की दुसऱ्या दिवशी मला कामठीला नानीकडे पाठवलं, आणि शाळा सुरू झाल्यावरसुद्धा महिनाभर आणलं नाही. परतलो तेव्हा यंत्र फळीवर होतं. मालक दर आठवड्याला यायचे, हेडफोन कानाला लावायचे, काही ऐकू यायचं नाही. अब्बा सांगायचे, "मुंबईहून पार्ट यायचा आहे." पावसाळा गेला, दिवाळी गेली. पुढच्या वर्षी मालक आजारी पडले, मग गेले, वाडा विकला गेला, आणि यंत्र न्यायला कुणीच आलं नाही. ते माळ्यावर चढलं.

अब्बा २००४ साली गेले. दुकान आता भाच्याकडे आहे, तो मोबाइल दुरुस्त करतो. गेल्या पावसाळ्यात माळा गळायला लागला म्हणून सामान खाली काढलं, त्यात ती खाकी पिशवी निघाली. भाच्याला हुरूप आला. मला म्हणाला, "मामू, चालू करून बघू." त्यानं लगेच वायर लावायला घेतली, तेव्हा मी त्याचा हात धरला. जुन्या यंत्राला एकदम वीज द्यायची नाही, हे अब्बांनी मला शिकवलेलं. आधी डोळ्यांनी पाहायचं, मग नाकानं हुंगायचं, मग मीटर.

पाहिलं तर बॅटरीच्या खणात हिरवं-पांढरं पीठ साचलेलं. जुने सेल गळले की आम्लधर्मी पाणी सोडतात, तेव्हा खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसलं, स्पिरिटनं कोरडं केलं, पट्ट्या पॉलिश पेपरनं घासल्या. हेडफोनला दीड व्होल्टचा सेल टेकवला तर एका कानात 'टक्' आणि दुसऱ्यात शांतता. आतली तार कानशीजवळ तुटलेली होती, ती जोडली. व्हॉल्व्हची फिलामेंटं मीटरवर शाबूत निघाली, हे खरं आश्चर्य. केबलचं रबर मात्र खडूसारखं झालं होतं. ते हातात भुगा होऊन आलं. पूर्ण केबल बदलली.

मूळची बॅटरी आता कुठं मिळणार? भाच्यानं युक्ती काढली. नऊ व्होल्टच्या सात चौकोनी बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या, झाले त्रेसष्ट व्होल्ट. फिलामेंटसाठी वेगळा सेल. चालू केलं. व्हॉल्व्ह मंद तांबूस झाले. हेडफोनमध्ये बारीक शूं, बाकी काही नाही. शीळ नाही.

मग एकेक टप्पा मागे गेलो. शूं येते म्हणजे आवाज वाढवणारा भाग जिवंत आहे. पाठवणाऱ्या वेटोळ्यात प्रवाह जातोय, तेही मीटरनं दाखवलं. ऐकणाऱ्या वेटोळ्याला मात्र मीटरचा काटा हलेना. सर्किट ओपन. भाचा म्हणाला, तबकडीतच तार तुटली असणार. तबकडी डांबरानं बंद केलेली. ती फोडली की यंत्र संपलं. तो छिन्नी आणायला निघाला.

मी म्हटलं, थांब. अब्बांचा आणखी एक नियम होता: जे बंद आहे ते सर्वांत शेवटी उघडायचं. तबकडीच्या तारा डब्यात जिथं येतात ती पट्टी आरशात धरून पाहिली. एका तारेला पट्टीवर जागा होती, पण तार तिथं नव्हती. ती तुटली नव्हती. तुटलेल्या तारेचं टोक काळं पडतं, केसर निघतं. हे टोक कथील चढवून गुळगुळीत केलेलं, त्यावर पिवळी कापडी नळी सरकवलेली, नळीला मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन गाठी, आणि सगळं दुमडून कंडेन्सरच्या मागं अलगद बसवलेलं. पट्टीवरच्या जागेचं जुनं कथीलही सफाईनं काढून घेतलेलं. त्या गाठी मी ओळखतो. मोटरच्या वाइंडिंगला अब्बा तशाच गाठी मारायचे.

बराच वेळ मी काही बोललो नाही. भाचा म्हणाला, "मामू, ही तर कोणी मुद्दाम काढलीय." मी त्याला कामठीचा तो उन्हाळा सांगितला. एखाद्या कारागिरानं आपल्या हातानं चालू केलेलं यंत्र आपल्याच हातानं मुकं करायचं, आणि वर दर आठवड्याला गिऱ्हाइकाकडून 'मिस्त्री, तुम्हाला येत नाही' हे ऐकून घ्यायचं, बाजारात चारचौघांत. त्यांना त्याची लाज वाटत असणार. त्यांच्या तोंडून आम्ही कधी याबद्दल चकार शब्द ऐकला नाही. मला तर वर्षानुवर्षं वाटत होतं की अब्बांना न जमलेली ती एकच दुरुस्ती.

मी गाठी सोडल्या. नळी काढली, तार जागेवर लावली, कथिलाचा एक थेंब. हेडफोनमध्ये शीळ आली, थेट १९८३ सालची. बटनं फिरवून ती विझवली. हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून अम्मीचा सरोता, म्हणजे अडकित्ता, तबकडीखाली धरला. गायलं.

अम्मी आता ऐंशीच्या पुढं आहे. तिला अंगणात खुर्चीवर बसवून हेडफोन लावला. तिनं थोडं ऐकलं, काढून माझ्या हातात दिलं. मी विचारलं, "अम्मी, अब्बांनी तुला कधी सांगितलं होतं?"

"नाही," ती म्हणाली. "पण त्यांच्या दुकानातला प्रत्येक पार्ट नागपूरहून यायचा. मुंबईहून काय येणार होतं, ते मी त्यांना कधी विचारलं नाही."

मग तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि विचारलं, "माझा सरोता कुठाय?"